अंगणातले गवत आणि पहिले गिऱ्हाईक
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरसाल कोणी ना कोणी बाहेरचे पाहुणे येऊन बोलतात. यंदा कार्यकारिणीने ठरवले की आपल्यातल्याच एकीने आपल्या धंद्याविषयी चार शब्द सांगावेत, आणि ती पाळी माझ्यावर आली. भाषणाची मला सवय नाही. मशीन चालू असताना ओरडून बोलण्याची मात्र झाली आहे, तेव्हा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचेल अशी आशा आहे.

मला विषय दिला आहे, नव्या धंद्याला पहिले गिऱ्हाईक कसे मिळाले हा. धंदा तुम्हांला ठाऊकच आहे. लोकांच्या खळ्यातले, परड्यातले, गडग्याकडेचे वाढलेले गवत आणि झुडपे मशीनने काढून द्यायची. अलीकडे दोन-तीन हॉटेलांच्या हिरवळीही आम्ही राखतो. 2023 च्या मे महिन्यात मशीन घेतले, त्याला तीन पावसाळे झाले. आपल्याच बचत गटातून कर्ज काढले होते, आणि त्या कर्जाला आपल्यापैकी कोणी कोणी हात वर केला होता हेही माझ्या ध्यानात आहे. जून उजाडला तरी एकही गिऱ्हाईक नव्हते, पण हप्ता मात्र जूनपासूनच सुरू होता. तेव्हा पहिले गिऱ्हाईक ही आमच्या घरी नुसती चर्चेची गोष्ट नव्हती.

हा धंदा का धरला ते थोडक्यात सांगते. घरचे खलाशी आहेत. जून-जुलै हे मासेमारी बंदीचे महिने. होडी वर ओढलेली, जाळी माळ्यावर, आणि किराणावाल्याची वही तेवढी वाढत असते. नेमक्या त्याच दोन महिन्यांत आपल्याकडे पाऊस असा कोसळतो की आज साफ केलेले खळे पंधरा दिवसांत पुन्हा हिरवे होते आणि ऑगस्ट येईतो गवत कमरेला लागते. समुद्राचे काम बंद असते तेव्हाच जमिनीवरचे हे काम निघते, एवढा साधा हिशेब होता.

पण काम दिसणे निराळे आणि त्याचे पैसे देणारा माणूस दिसणे निराळे. गावात राहणारा माणूस स्वतःचे खळे स्वतः कोयत्याने साफ करतो. तो पैसे देणार नाही. मोठ्या बागायतदारांचे गडी ठरलेले असतात. ते पावसाळ्यानंतर बेणणी करतात आणि नवख्या बाईला पहिल्याच वर्षी बागेत घेत नाहीत. मग उरले कोण? एका संध्याकाळी मी वाडीत फिरून मोजले. एकतीस घरे, त्यांतल्या बाराना कुलूप. घरवाले मुंबईला, डोंबिवलीला, नालासोपाऱ्याला. कौले शाबूत, दरवाजाला रंग दिलेला, आणि दरवाजापर्यंत जायला वाट नाही. ही बारा घरे हीच माझी बाजारपेठ, हे मी त्या दिवशी मनाशी पक्के केले.

गवत काढायला तशी तारीख लागत नाही. आज नाही तर उद्या, उद्या नाही तर पुढल्या आठवड्यात. ज्या कामाला तारीख नाही त्याला माणूस पैसे काढत नाही. पण आपल्याकडच्या बंद घराला एक तारीख आहे, ती गणेशचतुर्थीची. चाकरमानी वर्षभर येवो न येवो, चतुर्थीला येतोच, आणि गणपती गवतातून घरात नेता येत नाही! ही तारीखही दरसाल सरकते. 2023 साली अधिक श्रावण होता म्हणून चतुर्थी 19 सप्टेंबरला आली. 2024 साली 7 सप्टेंबरला, आणि 2025 साली 27 ऑगस्टला. म्हणजे 2023 च्या मानाने 2025 साली आम्हांला तीन आठवडे कमी मिळाले. ज्या कोणी हा धंदा करू म्हणतील त्यांनी कालनिर्णय आधी उघडावे आणि मशीन मागून घ्यावे. काम चतुर्थीआधी दहा-बारा दिवस करावे लागते. त्याआधी केले तर पुन्हा उगवते, आणि त्यानंतर तुमच्या हाताला सवड राहत नाही.

आता पहिल्या गिऱ्हाइकाकडे येते. आमच्या घरासमोरच्या पाणंदीपलीकडे एक बंद घर आहे. घरमालक डोंबिवलीला, आणि किल्ली शेजारच्या काकींकडे. मजजवळ मालकाचा फोन नंबर होता, तरी मी त्यांना फोन केला नाही. दूर बसलेल्या माणसाला अनोळखी आवाज 'तुमचे अंगण साफ करू का' म्हणून विचारतो तेव्हा त्याच्या मनात पहिला प्रश्न गवताचा येत नाही. ही कोण, घराकडे हिचे काय काम, हाच येतो. म्हणून मी काकींकडे गेले. किल्ली ज्याच्याकडे असते त्याच्यावर त्या घराचा विश्वास आधीच बसलेला असतो. काकींनी माझे ऐकून घेतले, मशीन पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "गो, ह्या काम तुका झेपतला?" मी त्यांच्याच परड्याचा एक कोपरा पंधरा मिनिटांत काढून दाखवला. मग फोन काकींनीच लावला.

मालकांनी विचारले, किती घेणार? रोजाने सांगावे तर तिकडे बसलेल्या माणसाला वाटणार की काम लांबवतील. म्हणून मी उक्ते सांगितले: चार गुंठ्यांचे सोळाशे रुपये, गवत ओढून ढीग लावण्यासकट. हा आकडा कसा काढला ते तुम्हांला सांगणे भाग आहे, कारण आपल्या बायका हिशेबात स्वतःची मजुरी धरीत नाहीत. तीन लिटर पेट्रोलचे तीनशेवीस रुपये. ऑईल आणि मशीनची दोरी यांचे शंभर. आम्ही दोघी, एक कापणार आणि एक दाताळ्याने ओढणार, दोघींचे चारशे-चारशे. झाले बाराशेवीस. राहिले तीनशेऐंशी, ते कर्जाच्या हप्त्याला आणि मशीनच्या दुरुस्तीला. मालक म्हणाले, कमी करा. मी म्हटले, दर कमी होणार नाही. पण कामाआधी आणि कामानंतर फोटो पाठवते, ते पाहा आणि मगच पैसे पाठवा. ते कबूल झाले. माझ्या मते इथेच धंदा उभा राहिला. ज्याला काम डोळ्यांनी पाहता येत नाही त्याला ते दाखवण्याची सोय तुम्ही केली पाहिजे.

फोटो कसे काढावेत यालाही रीत आहे. घराच्या चारी कोपऱ्यांत उभे राहून चार काढायचे, आणि काम झाल्यावर त्याच चार जागांवर उभे राहून पुन्हा चार. जागा बदलली की फरक कळत नाही.

कामाच्या आदल्या दिवशी काकींना बरोबर घेऊन मी ते आवार पायाखाली घातले. विहिरीला कठडा नव्हता, तिच्याभोवती काठ्या रोवून दोरी बांधली. तुळस कुठे, अबोली कुठे, ते विचारले. काकी म्हणाल्या, न्हाणीघराच्या मागे म्हातारीची दूर्वांची जागा आहे. गवतात आता काही दिसत नव्हते. वाकून हाताने वरचे गवत काढले तेव्हा खाली हरळी दिसली. ती तेवढी जागा आम्ही मशीनने काढलीच नाही, हाताने निवडली. गडग्याकडचा तेरडा गौरीसाठी ठेवला. कुंपणावर कळलावी होती, शेरवड होती, एका बाजूला कवंडळाचा वेल चढलेला होता. माटवीला लागणारे ते सगळे राखले. कोयत्याने काम करणारे आपले जुने गडी हे न सांगता राखीत. मशीनला ते कळत नाही, चालवणारीला कळावे लागते.

संध्याकाळी फोटो पाठवले. रात्री मालकांचा फोन आला, पण बोलल्या त्यांच्या आई, वय नव्वदीच्या घरात. फोटो मोठा करून त्यांना दाखवला होता म्हणे. त्यांनी गवताविषयी काही विचारले नाही. आपली दूर्वांची जागा राहिली, एवढेच त्या दोनदा म्हणाल्या. सोळाशे रुपये मला दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईलवर मिळाले. पण त्याआधीच रात्री ते फोटो मालकांनी वाडीच्या मुंबईकर मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले होते, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत चार घरांचे निरोप आले. पूर्वी गावची मंडळी लालबाग-परळला गावच्या खोलीत एकत्र राहत. गावाकडची बातमी एकाला कळली की सगळ्यांना कळे. आता माणसे पांगली, पण बातमीची ती वाट मोबाईलमध्ये शाबूत आहे.

इथे एक गंमत सांगते. माझ्या धाकट्या दिराने हौसेने शंभर हस्तपत्रके छापून आणली आणि मालवणच्या बाजारात वाटली. त्यावर फोन आले दोन. एकाला नारळ पाडणारा माणूस हवा होता, आणि दुसऱ्याने मशीन विकायचे आहे का असे विचारले!

आता जो प्रश्न आपल्यापैकी पुष्कळजणींना अडतो त्याविषयी बोलते. शेजाऱ्यांकडून पैसे घ्यावेत का? त्या वर्षी काकींचे परडेही काढायचे होते. आमच्या सासूबाईंचे म्हणणे, त्यांच्याकडून पैसा घेणे शोभत नाही. आपल्या भातलावणीला त्या सावडीने आल्या होत्या, आपल्या मुलांना त्यांनी सांभाळले. सासूबाईंचे म्हणणे खोटे नव्हते. सावड ही आपल्या गावांची मोठी रीत आहे आणि ती मोडावी असे मी कधीही म्हणणार नाही. पण सावडीत मी माझे हात देते; पेट्रोल, दोरी आणि कर्जाचा हप्ता हे सावडीत बसत नाहीत. हा वाद आमच्या पडवीत चालला असताना निकाल खुद्द काकींनीच दिला. म्हणाल्या, "बाये, पैशे घेतलंस तर तुका परत बोलवूक बरा पडता." फुकट केलेल्या कामाला माणूस दुसऱ्यांदा बोलवायला संकोचतो, आणि तुमचे गिऱ्हाईक तुमच्याच भिडेमुळे जाते. त्या दिवसापासून आमच्याकडे शेजाऱ्यांचा दर निराळा आहे: पेट्रोल आणि दोघींची मजुरी, वरचा पैसा नाही. सासूबाई या दरावर राजी झाल्या. आता गिऱ्हाइकाला दर सांगताना त्यांचाच आवाज माझ्याहून मोठा असतो.

बाईने मशीन खांद्याला लावणे हे पाहून नाक्यावर काही दिवस हसणे झाले. त्याला मी फार किंमत देत नाही. हसणाऱ्यांपैकी दोघांच्या घरचे काम पुढे आमच्याकडेच आले. मशीनचे वजन पट्ट्यावर येते, आणि डोक्यावरून मासळीची पाटी नेणाऱ्या बाईला ते जड वाटत नाही. शिवाय हे मशीन मुळात आपल्याच धंद्यातून निघाले आहे, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. अमेरिकेत टेक्सास प्रांतातल्या ह्यूस्टन शहरी जॉर्ज बॅलस म्हणून एक गृहस्थ होते. 1971 साली मोटार धुण्याच्या जागी गरगर फिरणारे ब्रश पाहून त्यांना कल्पना सुचली. त्यांनी पत्र्याच्या डब्याला भोके पाडली, त्यांतून मासे गरवायची दोरी ओवली आणि तो डबा यंत्राला लावून फिरवला. गवत कापले गेले, आणि झाडाच्या बुंध्याचे फारसे काही बिघडले नाही. म्हणजे आपली तंगूसच! कारखानदारांनी त्यांची कल्पना नाकारली, तेव्हा त्यांनी स्वतःच माल काढून विकायला सुरुवात केली. आजही आमच्या मशीनला नायलॉनची दोरी लावतात ती त्याच जातीची. झुडपे असतील तिथे मात्र पाते लावावे लागते.

धोक्याविषयी दोन शब्द बोलल्यावाचून मला खाली बसता येणार नाही, कारण गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारते ते हेच, की कोणाला काही लागले तर? मशीन दगड उडवते. आपल्या जांभ्या मातीत बारीक खडी सगळीकडे, आणि उडालेला खडा खिडकीची काच फोडतो, डोळाही घालवतो. म्हणून काम चालू असता पन्नास फुटांच्या आत कोणीही येता कामा नये. मुले तर नाहीच. डोळ्यांना चष्मा, तोंडावर जाळी, पायांत गुडघ्यापर्यंत गमबूट. आपल्या भागात फुरसे आहे, घोणस आहे. आधी लांब काठीने गवत झोडपायचे, थोडा वेळ थांबायचे, मगच आत पाय ठेवायचा. चुकून दंश झालाच तर पाय आवळून बांधणे, चिरा देणे, मंत्र घालणे यांत वेळ घालवू नका. माणसाला चालवू नका आणि तडक सरकारी दवाखान्यात न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारींच्या विषावर एकच लस चालते आणि ती तिथे मिळते. साचलेल्या पाण्यात उघड्या, जखमी पायाने उतरले तर लेप्टोचा ताप येतो, तेही गमबुटाचे कारण. हे सगळे मी गिऱ्हाइकाला आधीच सांगते. त्याने कोणी पळाले नाही. उलट एका घरच्या बाईंनी आम्हांला काम दिले ते याच कारणाने, की आम्ही त्यांची गाडी आणि कुत्रा दोन्ही आधी हलवायला सांगितले.

चतुर्थी झाली, अनंत चतुर्दशी झाली, चाकरमानी गेले. मग पुढे काय? पहिल्या वर्षी हा प्रश्न फार कठीण वाटला. गणपतीची घरे वर्षातून एकदाच. महिन्याच्या महिन्याला पैसा देईल असे गिऱ्हाईक हवे, ते तारकर्ली-देवबागच्या बाजूला मिळाले. सिंधुदुर्ग हा 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि आज त्या किनाऱ्याला कितीतरी घरांत पाहुण्यांची सोय आहे. त्यांतल्या काहींनी वाळूत माती टाकून हिरवळी केल्या आहेत. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद, पाहुणे थोडे. मालकाला सवड असते ती तेव्हाच. म्हणून मी सप्टेंबरात, हंगाम उघडण्याआधी गेले. डिसेंबरात गेले असते तर कोणी दारात उभे राहायलाही मोकळे नसते. तिथेही शिफारस काकींचीच कामी आली. त्यांची भाची अशा एका घरी स्वयंपाक पाहते.

हिरवळीचे काम गवत काढण्याहून वेगळे आहे. तिथे गवत घालवायचे नसते, राखायचे असते. एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापले तर ते पिवळे पडते, म्हणून थोडे थोडे आणि वरचेवर. हिरवळीत लावतात त्या जातींपैकी बर्म्युडा म्हणून जी विकतात ती आपली हरळीच, म्हणजे दूर्वा. हे कळल्यावर माझी भीती अर्धी गेली. हिरवळ कापण्याचे पहिले यंत्र इंग्लंडात एडविन बडिंग यांनी 1830 साली काढले, तेही लोकरी कापडावरची लव कातरण्याचे गिरणीतले यंत्र पाहून. त्यांच्या सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत लंडनच्या रीजंट्स पार्कातले प्राणिसंग्रहालय होते, आणि हे यंत्र सहा-आठ माणसांचे काम करते अशी ग्वाही तिथल्या मुकादमाने दिली होती. म्हणजे दोनशे वर्षांमागे साहेबालाही कोणा काकींची गरज लागलीच.

एका ठिकाणी मात्र पैसे अडकले. नाव घेत नाही. दोन महिने काम केले, दर वेळी 'पुढच्या आठवड्यात' हे उत्तर. भांडण न करता आम्ही जाणे थांबवले. जानेवारीत पाहुण्यांची गर्दी असताना तिथली हिरवळ गुडघ्याला लागली तेव्हा पैसे आपसूक आले. तेव्हापासून महिन्याचे निम्मे पैसे आधी घेतल्यावाचून आम्ही हिरवळ हाती घेत नाही.

काजूच्या बागांचे काम दुसऱ्या वर्षी मिळू लागले. काजूची बी झाडाखाली पडते आणि गवतात हरवते, म्हणून फेब्रुवारीत हंगाम लागण्याआधी झाडाखालची जमीन साफ हवी असते. वणव्याच्या भीतीनेही बागायतदार सुके गवत ठेवीत नाहीत. तिथे दर गुंठ्यावर ठरतो. हे काम पुरुषांच्या टोळ्याही करतात आणि ते आमच्याहून झपाट्याने करतात, हे कबूल केले पाहिजे. आम्हांला बोलावतात ते कलमांची छोटी रोपे असलेल्या बागांत, जिथे घाई चालत नाही.

तीन हंगामांनंतर आज आमच्या वहीत चोवीस घरे, तीन हिरवळी आणि पाच बागा आहेत. कर्ज 2025 च्या दिवाळीत फिटले. दुसरे मशीन घेतले आहे, आणि त्यामुळे मला मंडळाकडे एक मागणे करायचे आहे. येत्या पावसाळ्यात आणखी दोघी लागतील, एक चालवायला आणि एक ओढायला. शिकवण्याचे पैसे नाहीत. शिकण्याच्या दिवसांची मजुरी मात्र मिळेल. ज्यांच्या मनात असेल त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे नाव द्यावे आणि येताना पायाचे माप सांगावे, कारण गमबूट मालवणहून आणावे लागतात आणि बायकांच्या मापाचे चटकन मिळत नाहीत.